चढ रेल्वेने आधीच कापून ठेवला आहे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधल्या सायकलप्रवासावर आलेला लेख मी दोनदा वाचला. आल्प्समधले घाट, नागमोडी वळणं, शर्यतीतल्या खेळाडूंचे किस्से, सगळं चांगलं लिहिलं आहे. पण शेवटच्या परिच्छेदात लेखक म्हणतात की फ्रान्सचा डोंगराळ मुलूख सायकलवर बघायचा तर मांड्या तरुण हव्यात आणि अंगावरून जाणाऱ्या मोटारींची भीती मेलेली हवी. हे वाक्य वाचून एखाद्या साठीच्या माणसाने मनातला बेत तिथेच मोडला असेल, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझं वय ७१. सौ. ६७ वर्षांची आहे आणि तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. मुलगी आणि जावई फ्रान्समध्ये ल्यों शहरात असतात. २०२३ च्या जूनमध्ये आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघांनी फ्रान्सच्या दोन डोंगराळ भागांतून मिळून सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर सायकल चालवली. मी साधी गिअरची सायकल, ती बॅटरीची. गावांतून जाताना आणि स्टेशनपासून वाट गाठताना जो काही रस्ता लागला तेवढा सोडला, तर आमच्या बाजूने एकही मोटार गेली नाही, कारण ती जाऊच शकत नव्हती.

हे कसं शक्य झालं ते सांगताना माझा जुना पेशा मध्ये येणार. मी रेल्वेत पी-वे इन्स्पेक्टर, म्हणजे रुळांच्या देखभालीवरचा माणूस होतो. नोकरीची बरीच वर्षं कुर्डुवाडीच्या नॅरोगेजवर गेली. आमची बार्शी लाइट रेल्वे. अडीच फुटांची लाइन, १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९११ ला लातूरला पोचली, १९२७ ला मिरजेला. तिच्या रुळांवरून पुश ट्रॉलीवर, म्हणजे माणसांनी ढकलायच्या गाड्यावर बसून मी किती हिंडलो असेन याचा हिशेब नाही. त्यामुळे रेल्वेची लाइन गेली तरी तिचा माग मला दिसतो. भराव, कटिंग, मोऱ्या, वळणाची त्रिज्या, सगळं जमिनीवर लिहिलेलं असतं.

फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वेचं जाळं खेड्यापाड्यांत नेण्याचा सपाटा लावला होता. १८७९ साली तिथल्या सरकारने त्यासाठी मोठी योजनाच आखली. डोंगरात, जिथे मोठी लाइन परवडत नव्हती, तिथे मीटरगेज टाकली. पुढे मोटारी आणि लॉऱ्या आल्या, प्रवासी आटले, आणि विसाव्या शतकात या छोट्या लाइनी एकामागून एक बंद झाल्या. रूळ उचलले, स्लीपर गेले. राहिली ती जमिनीची एक लांबलचक पट्टी, नदीच्या कडेकडेने डोंगरात शिरणारी. या पट्ट्यांवर त्यांनी चालणाऱ्यांसाठी, सायकलस्वारांसाठी आणि घोडेस्वारांसाठी वाटा केल्या. त्यांना 'व्वा व्हेर्त' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. २००४ साली त्यांच्या वाहतुकीच्या कायद्यात या वाटेची रीतसर व्याख्या आली: इंजिन असलेल्या वाहनाला इथे मज्जाव. वाटेच्या तोंडाशी निळी चौकोनी पाटी असते, तिच्यावर माणूस, सायकल आणि घोडा.

आता माझा मुद्दा. डोंगरात सायकल म्हटली की लोकांना घाटरस्ता दिसतो. घाटरस्त्याला आठ-नऊ टक्के चढ सहज असतो, मोटारीला त्याचं काही वाटत नाही. वाफेच्या इंजिनाला मात्र वाटतं. लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर घसरतं, म्हणून रेल्वेचा इंजिनिअर चढासाठी एकेक इंच भांडतो. आपला बोरघाट ३७ ला १ आहे, म्हणजे पावणेतीन टक्के, आणि तेवढ्या चढालाही गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. जिथे रेल्वे चढली तिथे सत्तरीचा माणूस सायकलवर चढतोच. त्याचा चढ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी सुरुंग लावून, दगड फोडून, भराव टाकून कमी करून ठेवलेला आहे.

आमची पहिली वाट आर्देश जिल्ह्यातली 'दोल्चे व्हिया'. नाव इटालियन वळणाचं, अर्थ मऊ वाट असा. ऱ्होन नदीच्या काठच्या ला व्हूल्त गावापासून ती निघते, एरियू नदीच्या खोऱ्यातून ल शेलारपर्यंत येते, आणि तिथे तिचे दोन फाटे होतात: एक लामास्त्रकडे, दुसरा वर सँत-आग्रेव्हकडे. सगळी मिळून नव्वदेक किलोमीटर. ल शेलारपर्यंतची मीटरगेज १८९१ साली सुरू झाली आणि हे सगळं जाळं १९६८ च्या ऑक्टोबरअखेर बंद झालं. गंमत अशी की आर्देश जिल्ह्यात आज प्रवासी रेल्वेचं एकही चालू स्टेशन नाही. म्हणून ल्योंहून लोकल गाडीने ऱ्होनच्या पलीकडच्या काठावरच्या लिव्ह्रों स्टेशनात उतरलो. या लोकलना 'टीईआर' म्हणतात, आणि सायकल न खोलता-बांधता जशीच्या तशी डब्यात चढवता येते. तिथून काही किलोमीटर रस्त्याने, पुलावरून नदी ओलांडून ला व्हूल्त. हा तुकडा काळजीपूर्वक पार करावा, तिथे मोटारी आहेत.

वाट सुरू झाली आणि पहिल्या दोन-तीन किलोमीटरांतच माझे हात हँडलवर सैल झाले. वाट तीन मीटरच्या आगेमागे रुंद, बहुतेक ठिकाणी दाबून बसवलेल्या बारीक खडीची. एका अंगाला डोंगराचा कापलेला दगड, दुसऱ्या अंगाला खाली नदी. मला पुश ट्रॉलीवर बसल्यासारखं वाटलं. तीच उंची, तीच संथ चाल, तेच वळण हळूच उघडणं. सौ. पुढे होती. तिला म्हटलं, बघ, इथे लाइन डावीकडे कललेली होती, वळणावर बाहेरचा रूळ उंच घेतात ना, त्याचा कल अजून जमिनीत आहे. तिने चाळीस वर्षं माझ्या तोंडून या कलाचे, म्हणजे कँटचे आकडे ऐकले आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा ती थांबली, खाली उतरली आणि जमिनीकडे निरखून बघत राहिली.

मोऱ्यांचं दगडी काम बघण्यासारखं आहे. एका लहानशा ओहोळावर सहा फुटांची कमान, चुन्यात बांधलेली, एकही दगड हललेला नाही. मी गुडघ्यावर बसून आतून बघितली. नदीवरचे पूल मात्र पाण्याच्या मानाने फारच उंच वाटतात. जूनमध्ये एरियू पोटरीभर पाण्याने मोठमोठ्या गोट्यांतून वाहत होती, पोरं डुंबत होती. पण आर्देशचे डोंगर हे भूमध्य समुद्रावरून येणाऱ्या ढगांना आडवे आहेत, आपल्या सह्याद्रीसारखेच. शरद ऋतूत कधीकधी एका दिवसात इतका पाऊस कोसळतो की नदी काही तासांत मजलाभर चढते. ज्याने पुलाची उंची ठरवली त्याने जुन्या पुराची खूण गावकऱ्यांना विचारून घेतली असणार. आम्हीही तेच करायचो. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी हवामानाचा इशारा रोज सकाळी बघावा, आणि नदीकाठी तंबू ठोकू नये.

खोऱ्याच्या दोन्ही अंगांना दगडी ताली घातलेली शेतं आहेत, अगदी डोंगराच्या खांद्यापर्यंत. खाली पीचच्या बागा, एके काळी या खोऱ्याचं पीच नावाजलेलं होतं. वर चेस्टनटची झाडं. या भागात धान्य कमी पिकायचं तेव्हा गरीब माणूस चेस्टनटवर जगायचा, वाळवून, दळून, पेज करून. आपल्याकडे नाचणीचं जे स्थान, ते तिथे चेस्टनटचं. आता त्याचा गोड मुरांबा डब्यात मिळतो. आम्ही दोघंही शाकाहारी, आणि आमचे सहा दिवस पाव, तो मुरांबा, फळं आणि शेळीच्या दुधाच्या पिकोदों नावाच्या छोट्या चकतीएवढ्या चीजवर उत्तम निघाले. फक्त दुपारी बारा ते दोन-अडीच दुकानं बंद असतात आणि लहान गावांत सोमवारी बेकरीही उघडी असेलच असं नाही, तेव्हा एक वेळचं खाणं पिशवीत असावं. सौ.ने दशम्या नेल्या होत्या, त्या पहिल्या दोन दिवसांत संपल्या.

आम्ही दिवसाला पंचवीस किलोमीटरवर जात नव्हतो. ला व्हूल्त ते ल शेलार पन्नासेक किलोमीटर, त्याला दोन दिवस घेतले. उंची शंभर मीटरवरून साधारण सव्वाचारशेवर जाते, पण ती कधी वाढली ते कळत नाही. खरा चढ ल शेलारनंतर. सँत-आग्रेव्ह हे गाव हजार मीटरच्या वर आहे. पंचवीस-तीस किलोमीटरांत सहाशे मीटर चढायचं, म्हणजे माझ्या हिशेबाने चाळीस-पन्नासला एक. बोरघाटापेक्षा सोपा. तो चढही आम्ही दोन दिवसांत केला. खालच्या गिअरवर, बोलता बोलता. बोलताना धाप लागली की थांबायचं, हा आमचा नियम होता. वर जाता जाता झाडं बदलतात: चेस्टनट मागे पडतात, पाइन येतात, हवा गार होते, आणि मग एकदम पठार उघडतं. ज्यांना चढायचंच नसेल त्यांच्यासाठी उन्हाळ्याच्या मोसमात माणसाला सायकलीसकट वर नेऊन सोडणारी वाहनं मिळतात, मग सगळी वाट उतरत यायची.

ल शेलारच्या अलीकडे एका जुन्या स्टेशनच्या इमारतीपाशी आम्ही पाणी प्यायला थांबलो. दगडी इमारत, दारावर गावाचं नाव अजून रंगवलेलं. शेजारच्या घरातून एक ऐंशीच्या पुढच्या आजी बाहेर आल्या. मुलगी त्या दिवशी आमच्याबरोबर होती, तिने दुभाषाचं काम केलं. आजींचे वडील याच लाइनवर रूळ सांभाळणाऱ्या टोळीत होते, म्हणजे आपल्याकडचे गँगमन. मी काय काम करायचो हे मुलीने सांगितलं तेव्हा त्या घरात गेल्या आणि एक किल्ली घेऊन आल्या. रुळाचे बोल्ट आवळायची, हातभर लांबीची, गंजलेली. माझ्या हातात दिली. वजन ओळखीचं होतं. त्या सांगत होत्या की शाळेला त्या याच गाडीने ल शेलारला जायच्या, नंतरच्या काळात डिझेलची एका डब्याची मोटारगाडी असायची, आणि ड्रायव्हर ओळखीचा असला की धावत येणाऱ्या पोरासाठी मिनिटभर थांबायचा. गाडी बंद झाली त्या वर्षी वडील घरात बोलायचेच नाहीत. रूळ उचलल्यावर वाटेवर कित्येक वर्षं काटेरी झुडपं माजली होती. आता सकाळी खिडकी उघडली की माणसं जाताना दिसतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. किल्ली परत देताना माझा हात लवकर सुटला नाही.

सँत-आग्रेव्हच्या पुढे हीच लाइन आणखी डोंगरात जात होती. तिच्या एका तुकड्यावर आजही मोसमात हौशी लोक जुन्या गाड्या चालवतात. त्या बाजूला थोड्याच अंतरावर ल शांबों नावाचं गाव आहे, तिथे जावयांनी आम्हाला मोटारीने नेलं. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या तावडीतून सुटलेले ज्यू, त्यांत पुष्कळ लहान मुलं, याच मीटरगेजच्या छोट्या गाडीने या पठारावर येऊन उतरली. तिथले धर्मोपदेशक आंद्रे त्रोक्मे आणि त्या पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांनी त्यांना घरांत, शाळांत, गोठ्यांत लपवलं. १९९० साली इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने गावाचा एकत्रित गौरव केला. मी तिथल्या स्टेशनापाशी उभा राहिलो. फलाट बुटका, जेमतेम वीतभर उंचीचा. आमच्या नॅरोगेजच्या फलाटासारखाच. परक्या गावात, परक्या भाषेत, पोटाशी बोचकं धरून त्या फलाटावर उतरलेलं मूल माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आम्ही रुळांची देखभाल करायचो ती वेळापत्रकासाठी, एवढंच तोपर्यंत डोक्यात होतं.

उतरताना एक अपघात झाला, तो सांगायला हवा. भाड्याच्या सायकलींच्या दुकानाने सौ.च्या सायकलीला डांबरी रस्त्याचे अरुंद टायर लावून दिले होते, आणि आम्ही ते तपासले नाहीत. एका वळणावर खडी सैल होती, पुढचं चाक घसरलं, ती पडली. कोपर खरचटलं, गुडघा वाचला. तेव्हापासून सांगतो: टायर चाळीस मिलिमीटर किंवा अधिक रुंद मागून घ्यावेत, ब्रेक स्वतः दाबून बघावेत, आणि उताराला पंधराच्या वर वेग नेऊ नये. आणखी एक. ही वाट जिथे रस्ता ओलांडते तिथे बहुतेक ठिकाणी थांबण्याची पाटी सायकलवाल्यालाच असते, मोटारवाल्याला नाही. तासभर मोटार दिसलेली नसते, डोळे सुस्तावतात, आणि नेमका तिथेच धोका असतो. तिथे पाय टेकलाच पाहिजे.

दुसऱ्या वर्षीची वाट दक्षिणेला, ओ-लांगदॉकच्या डोंगरातली. तिचं नाव 'पासा पाईस', बेदारिय ते माझामे, ऐंशीच्या आसपास किलोमीटर. हिच्या दोन्ही टोकांना आजही चालू रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे ज्यांना मोटारीने आणणारं-नेणारं कुणी नाही त्यांनी हीच निवडावी. मधे ओलार्ग नावाचं गाव लागतं: टेकडीवर मनोरा, खाली जोर नदीवर मध्ययुगातला एकाच उंच कमानीचा दगडी पूल, आणि आपली वाट जाते ती आयफेलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोखंडी रेल्वेपुलावरून. मागे कारू डोंगराचा उघडाबोडका कडा. मी त्या गर्डरखाली जाऊन रिव्हेट बघितले, तासभर गेला.

या वाटेवरचा माझा सगळ्यात आवडता तुकडा मात्र कूर्निऊचा बोगदा. पाऊण किलोमीटरचा. सौ. म्हणाली, आत थंडी आहे, स्वेटर घाल. तिचं खरं होतं. टॉर्च लावून भिंतीकडे बघितलं तर ठरावीक अंतरावर कोनाडे होते, गाडी आली की गँगमनने अंग चोरून उभं राहायचे. मी एकात उभा राहिलो. बोगद्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस जोर आणि ऑर्ब नद्यांतून भूमध्य समुद्राला जातो, पश्चिमेला पडलेला तोरे नदीतून पुढे गारोनमधून अटलांटिकला. आपल्या घाटमाथ्यावर उभं राहून इकडचं पाणी अरबी समुद्राला आणि तिकडचं बंगालच्या उपसागराला असं आपण सांगतो, तसंच हे, फक्त डोंगराच्या पोटातून. बाहेर पडलो तर खरोखर हवा वेगळी होती. ऑलिव्ह आणि कोरडी हवा मागे राहिली, पुढे ओली हिरवळ आणि पाटीच्या दगडांनी मढवलेल्या भिंती. माझामे हे लोकरीचं गाव, अर्जेंटिना-ऑस्ट्रेलियातून मेंढ्यांची कातडी आणून त्यांवरची लोकर काढायचा धंदा इथे शतकभर चालला. त्या मालासाठीच तर ही लाइन हवी होती.

हिंडताना एका माणसाची माहिती मिळाली, ती वाचकांना सांगावीशी वाटते. आर्देशच्या उत्तरेला सँत-एतिएन हे कोळशाचं आणि सायकल कारखान्यांचं शहर. तिथे पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ होते, जन्म १८५३, लोक त्यांना व्हेलोसियो म्हणत. फ्रान्समध्ये सायकलवरून भटकंतीची चळवळ रुजवली ती यांनी. सायकलींचं मासिक काढलं, आणि डोंगरात चालणारी सायकल हवी तर गिअर बदलता आले पाहिजेत म्हणून आयुष्यभर प्रचार केला. शर्यतवाल्यांना ते मान्य नव्हतं, टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलायच्या यंत्राला १९३७ पर्यंत बंदी होती. व्हेलोसियो शाकाहारी होते. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, वाटेत मांस, दारू, तंबाखू नको, थकून जाईपर्यंत दामटू नका, आणि केवळ मोठेपणासाठी पायडल मारू नका, असे त्यांचे नियम होते. १९३० साली ट्रामची धडक बसून ते गेले. त्यांच्या शहराजवळच्या घाटात त्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी त्यांच्या नावाने सायकलवाले तो घाट चढतात. माझ्या आईला हे नियम वाचून दाखवता आले असते तर ती म्हणाली असती, हे तर आपल्या वारीचेच.

एक खंत मात्र आहे. फ्रान्समध्येही सगळ्या बंद लाइनी अशा वाचलेल्या नाहीत. जिथे जमीन तुकड्यातुकड्याने विकली गेली, कुणी घर बांधलं, कुणी शेतात मिळवली, तिथे वाट तुटते आणि सायकलवाल्याला मोटाररस्त्यावर यावं लागतं. रेल्वेची पट्टी ही साखळीसारखी आहे, एक कडी गेली की उरलेल्यांचा उपयोग निम्म्यावर येतो. आमच्या नॅरोगेजचं ब्रॉडगेज करताना काही ठिकाणी आखणी बदलली आणि जुना भराव बाजूला पडला. ज्या भरावावर मी पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन गस्तीवाल्यांबरोबर चाललो, त्याची माती आणि मुरूम माझ्या डोळ्यांदेखत ट्रॅक्टरने गेला. दगडी मोऱ्या तेवढ्या शेतात उभ्या आहेत. विदर्भातली बंद पडलेली नॅरोगेज गाडी शकुंतला आहे, तिची तर यवतमाळ ते अचलपूर अशी सारी पट्टी आहे. तिथे पुन्हा गाडी धावावी अशीच माझी इच्छा आहे, रेल्वेवाल्याची दुसरी इच्छा असणार नाही. पण गाडी धावो न धावो, ती पट्टी अखंड राहिली पाहिजे. एकदा तुटली की कितीही पैसे ओतून ती पुन्हा जोडता येत नाही.

आणि आता ज्यांच्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिलं त्यांच्याकडे येतो. आपल्या वर्तमानपत्राच्या वाचकांत असे पुष्कळ आईवडील आहेत जे मुलांकडे युरोपात तीन-तीन महिने जाऊन राहतात. मुलं कामाला जातात, हे दोघं चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून ट्राम बघत बसतात. पहिल्या खेपेला आम्हीही तेच केलं. त्यांना मला सांगायचं आहे की घाबरू नका. भाषा येत नसली तरी वाट चुकत नाही, ती रेल्वेची आहे, तिला वळायला दुसरीकडे जागाच नाही. मुक्कामासाठी 'आक्यई व्हेलो' ही पाटी बघावी. अशी पाटी असलेलं घर सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतं, तिथे सायकल कुलपात ठेवायची सोय आणि दुरुस्तीचं किरकोळ सामान असतंच. मे, जून आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक आणि गर्दी फार. पहिल्या दिवशी दहा किलोमीटर करा, परत या, पाय काय म्हणतात बघा.

येत्या सप्टेंबरात आम्ही पुन्हा निघतो आहोत, या वेळी बर्गंडीत. झिव्ह्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा तुकडा १९९७ साली खुला झाला, फ्रान्समधली पहिली हिरवी वाट ती. क्लुनीला ९१० साली स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत, ते सौ.ला बघायचे आहेत. मला बघायचा आहे त्याच्या दक्षिणेचा ब्वा क्लेरचा बोगदा, १६०० मीटरचा. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण आत वटवाघळं झोपायला येतात. म्हणून तिकिटं सप्टेंबरची काढली आहेत. नवा टॉर्च घेतला आहे, जुना गेल्या खेपेला कूर्निऊच्या कोनाड्यात राहिला.

आपला,
एक निवृत्त पी-वे इन्स्पेक्टर,
कुर्डुवाडी, जि. सोलापूर